समितीच्या बैठकीत बिगर-सभासद : बसावे का, आणि बसल्यास बोलावे का?

आयर्विनचा कट्टा (धागाकर्ता)

सांगलीत, शामरावनगरच्या अंगाला आमची २८ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे आणि गेली दोन वर्षे तिचे सचिवपद माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यातील व्यवस्थापक समितीच्या बैठकीत जे घडले त्यावरून मनात आलेला प्रश्न येथे मांडतो. जाणकारांनी कायदा सांगावा आणि ज्यांनी अशा समित्यांवर काम केले आहे त्यांनी अनुभव सांगावा.

विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता तो वाहनतळातील विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर उंचावर हलवण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे), त्या आठवड्यात आमचे सगळे मीटर पाण्याखाली होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. बैठक सुरू होताच तळमजल्यावरचे एक भाडेकरू, जे मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, दारात येऊन उभे राहिले आणि "दोनच मिनिटे बोलायचे आहे" म्हणाले. आमच्या अध्यक्षांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. अण्णांनी शांतपणे सांगितले की ही समितीची बैठक आहे, आपण सभासद नाही, आपले जे म्हणणे असेल ते घरमालकांमार्फत कळवावे. गृहस्थ नमस्कार करून निघून गेले. त्यांचे घरमालक पुण्याला असतात आणि त्यांनी मागील चार वर्षांत एकाही सभेला पाऊल ठेवलेले नाही.

त्यानंतर समितीने पंधरा मिनिटांत, इमारतीच्या मागच्या भिंतीशी चौथरा बांधून त्यावर मोटर बसवावी, असा ठराव केला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ मला जिन्यात भेटले तेव्हा कळले की त्यांना सांगायचे होते ते एवढेच, की पाणी पुढच्या रस्त्याने नव्हे, मागच्या नाल्याकडून आधी शिरते. दोन्ही वेळा ते अगदी शेवटी घर सोडून गेले होते, आणि मागच्या भिंतीवर पाणी कुठवर आले त्याची त्यांनी विटेच्या तुकड्याने ओढलेली रेघ आजही दिसते. बैठकीला हजर असलेले आम्ही सातही जण वरच्या मजल्यांवर राहणारे. ती रेघ आमच्यापैकी एकानेही पाहिलेली नव्हती.

माझे प्रश्न असे : जो सभासद नाही त्याला समितीच्या बैठकीत बसू देता येते का? बसू दिले तर बोलू देता येते का? आणि बोलू दिले तर ते इतिवृत्तात लिहायचे की नाही?

---

यवतेश्वर

मी सहकार खात्यातून निवृत्त झालो आहे, सध्या साताऱ्यात असतो. अध्यक्षांचे वागणे कायद्याला धरून होते हे प्रथम नमूद करतो, कारण पुढील चर्चेत त्यांच्यावर विनाकारण राग निघण्याचा संभव दिसतो.

समिती ही सर्वसाधारण सभेने निवडून दिलेल्या माणसांची असते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे तिने घेतलेल्या निर्णयांना समितीचे सदस्य एकत्रितपणे व वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. ज्याच्यावर ही जबाबदारी येत नाही त्याला त्या बैठकीत बसण्याचा हक्क नाही. भाडेकरूला नाही, आणि समितीवर नसलेल्या सभासदालाही नाही. मात्र हक्क नसणे आणि मनाई असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समितीला एखाद्या विषयापुरते कोणालाही निमंत्रित करता येते, आणि आपण सारे ते नकळत करतही असतो. लेखापरीक्षक येतात, वास्तुविशारद येतात, लिफ्टच्या कंपनीचा माणूस येऊन अर्धा तास माहिती देतो. त्यांना कोणी "आपण सभासद आहात का?" असे विचारत नाही.

सभासदाच्या हाती खरा हक्क आहे तो वेगळाच. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदाला सर्वसाधारण सभेची तसेच समितीच्या बैठकींची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात विनाशुल्क पाहता येतात आणि विहित शुल्क भरून त्यांच्या प्रती मागता येतात. म्हणजे दार बंद ठेवण्याची मुभा आहे, वही बंद ठेवण्याची नाही. माझ्या नोकरीच्या काळात आलेल्या तक्रारींत "मला बैठकीत बसू दिले नाही" अशा तक्रारी बऱ्याच असत, परंतु त्यांतील फार थोड्यांनी आधी इतिवृत्त मागितलेले असे.

---

कुपवाडचा भोंगा

समितीवर नसलेल्या सभासदालाही बसता येत नाही, हे आज प्रथमच कळले. आमच्या संस्थेत मला एकदा असेच उठवले होते आणि मी तीन वर्षे त्या सचिवांशी बोलणे टाकले होते. आता बोलावे लागेल.

---

राजवाड्यावरची चौपाटी

कंपन्यांच्या कायद्याशी माझा रोजचा संबंध असल्याने थोडी तुलना करतो. कंपनीच्या भागधारकाला सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहता येतात, संचालक मंडळाच्या बैठकीची मात्र पाहता येत नाहीत. मंडळाच्या बैठकींसाठी जे सचिवीय मानक (म्हणजे कामकाजाची नियमावली) लागू आहे त्यात हे स्पष्टच म्हटलेले आहे. शंभर शेअर घेतलेल्या माणसाला मंडळाच्या खोलीत काय बोलले गेले हे कायद्याने कळणार नाही आणि सोसायटीच्या साध्या सभासदाला कळेल, हा सहकाराचा मोठेपणा आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेत नाही.

निमंत्रितांच्या बाबतीत मात्र कंपन्यांची शिस्त उचलण्यासारखी आहे. निमंत्रिताचे नाव हजर संचालकांच्या यादीत न घालता खाली वेगळे लिहितात, तो कोणत्या विषयासाठी हजर होता हेही नोंदवतात, आणि त्या विषयावर त्याचे सांगून झाले की तो उठतो व मगच निर्णयाची चर्चा होते. यामुळे "बाहेरच्या माणसासमोर ठराव झाला" असे म्हणायला जागा उरत नाही.

---

थकबाकीदार नं. १

(टोपणनाव गमतीने घेतले आहे; मी संस्थेचा खजिनदार आहे.)

येथे सारे जण दार उघडण्याच्या बाजूने झुकताना दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. समितीच्या बैठकीत थकबाकीदारांची यादी वाचली जाते, कोणाच्या घरात पाणी कोणाच्या न्हाणीघरातून झिरपते यावर वाद होतो, रखवालदाराच्या वागण्याची तक्रार होते. यांतील कोणतीही गोष्ट तिऱ्हाईतासमोर बोलण्यासारखी नसते, आणि सांगली म्हणजे काही मुंबई नव्हे. रात्री नऊला झालेले बोलणे सकाळी भाजी मंडईत ऐकू येते.

माझा स्वतःचा अनुभव असा, की बाहेरून रंगकाम करण्यासाठी आम्ही तीन दरपत्रके मागवली होती. लिफाफे उघडायच्या दिवशी एका सदस्यासोबत त्यांचे पाहुणे म्हणून एक गृहस्थ आले, चहा घेतला, कोपऱ्यात गप्प बसले. एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांतील एका ठेकेदाराने आपला दर चौरस फुटामागे दोन रुपयांनी कमी केल्याचे सुधारित पत्र आणून दिले आणि ते बाकीच्या दोघांपेक्षा बरोब्बर थोडेसे खाली होते. पाहुणे कोणाचे मेहुणे होते हे नंतर कळले. तेव्हा नुसते बसणे निरुपद्रवी आणि बोलणे तेवढे धोक्याचे, असे समजू नये. आमच्याकडे बसण्यानेच घात केला. बोलणारा निदान काय बोलला ते कळते.

---

मिरजेची तार

खजिनदारसाहेबांचे शेवटचे वाक्य विचार करायला लावणारे आहे, कारण आपल्या कायद्याने सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत नेमका उलटा क्रम धरला आहे. महानगरपालिकेची सभा लोकांसाठी खुली असते. उपस्थित सदस्यांनी बहुमताने ठरवले तरच एखादा विषय बंद दाराआड घेता येतो, आणि गॅलरीतल्या कोणी व्यत्यय आणला तर पीठासीन अधिकारी त्याला बाहेर काढू शकतात. म्हणजे नागरिकाने बसावे, ऐकावे, तोंड मात्र उघडू नये. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या सभा मी काही वेळा गॅलरीतून ऐकल्या आहेत, आणि रस्त्याच्या ज्या खड्ड्याबद्दल सभागृहात बोलणे चालले होते तो माझ्या दारासमोर असूनही मला त्याची खोली सांगता आली नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये एक दुर्लक्षित तरतूद आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा व समित्या यांचे विवरण स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते, आणि त्यांत त्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का व त्यांची कार्यवृत्ते लोकांना पाहता येतात का, हेही सांगायचे असते. कार्यालयांच्या फलकांवर या रकान्यापुढे बहुधा "निरंक" किंवा "लागू नाही" असे लिहिलेले आढळते. हे उत्तर ठरत नाही, कारण प्रश्न हो किंवा नाही असा आहे.

---

यवतेश्वर

मिरजकरांच्या प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो, अन्यथा गैरसमज होईल. तो अधिनियम गृहनिर्माण संस्थेला थेट लागू होत नाही. केरळमधील थलप्पलम येथील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळत नसेल तर केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी झाली म्हणून संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. सहकारी संस्थांच्या निबंधकांना कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते ती मात्र त्यांच्याकडे अर्ज करून मिळवता येऊ शकते. शेजारच्या भाडेकरूने थेट सचिवाकडे माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही.

---

कृष्णा-कोयना संगम

मी मूळचा कराडचा. मुलाकडे कॅलिफोर्नियात जाऊन-येऊन असतो, म्हणून तिकडचे थोडे सांगतो. तेथे १९५३ चा एक कायदा आहे, ज्याला ब्राउन अॅक्ट म्हणतात. त्याप्रमाणे शहराच्या किंवा शाळांच्या मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, कोणीही येऊन बसू शकतो आणि बोलूही शकतो. मुलाच्या गावच्या शाळा मंडळाच्या बैठकीला मी एकदा गेलो होतो. बोलणाऱ्याला तीन मिनिटे दिली होती, समोर दिवा होता, वेळ संपली की तो लाल होई आणि माणूस वाक्य अर्धे टाकून बसे. मंडळाचे सदस्य मख्खपणे ऐकत होते, कारण विषयपत्रिकेवर नसलेल्या मुद्द्यावर त्यांनी चर्चा करणेही त्या कायद्यात बसत नाही. बोलायला मिळाले, उत्तर मिळाले नाही. परंतु सारे मुकाट नोंदले जात होते.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण तेथील निवासी संघांचे आहे. तिथे समितीवर नसलेल्या घरमालकालाही बैठकीत बसण्याचा आणि ठरावीक वेळ बोलण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. कर्मचाऱ्यांच्या बाबी, कोर्टकज्जे, एखाद्याची थकबाकी असे विषय तेवढे बंद बैठकीत घेतात. मात्र हा हक्क घरमालकाचा आहे. भाडेकरू तिकडेही दाराबाहेरच आहे.

इंग्लंडचा क्रम मिरजेसारखा आहे. लोकांना आणि पत्रकारांना स्थानिक मंडळांच्या बैठकीत बसता यावे म्हणून १९६० मध्ये जो कायदा झाला त्याचे खासगी विधेयक मार्गारेट थॅचर यांनी मांडले होते आणि तेच त्यांचे संसदेतील पहिले भाषण ठरले. त्या कायद्याने बसण्याचा हक्क दिला, बोलण्याचा दिला नाही.

---

माहेर विटा

एक प्रश्न आहे. विश्रामबागेतील सदनिका आईच्या नावावर आहे. आई ८१ वर्षांची, जिने चढउतार करू शकत नाही. मी त्यांचे मुखत्यारपत्र घेऊन सभांना जाते, तर मला दर वेळी "ताई, बसा, पण मत देऊ नका" असे सांगतात. मी बाहेरची कशी?

---

यवतेश्वर

ताई, सभेत मत स्वतः येऊन द्यायचे असते, दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही, हे सहकार कायद्याचे जुने तत्त्व आहे आणि मुखत्यारपत्राने ते ओलांडता येत नाही. परंतु गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये जे स्वतंत्र प्रकरण अधिनियमात आले त्यात सहयोगी सभासदाची व्याख्या आहे आणि मुलगी, मुलगा, सून, जावई हे सारे तीत येतात. आईंनी लेखी अर्ज करून आपल्याला सहयोगी सभासद करून घ्यावे आणि आपल्या वतीने हक्क बजावण्यास लेखी पूर्वसंमती द्यावी. कागद एकदाच करावा लागतो. त्यानंतर सर्वसाधारण सभेत आपल्याला कोणी "बसा, पण" म्हणू शकणार नाही. समितीच्या बैठकीबाबत मात्र आपण इतर सभासदांच्याच पंक्तीत राहाल.

---

तळमजला, डावीकडे

मी गेली चौदा वर्षे भाड्याच्या घरांत राहते, त्यांतील नऊ सांगलीत. धागाकर्त्यांच्या इमारतीत राहत नाही, परंतु त्या दिवाणजींच्या जागी मी अनेकदा उभी राहिले आहे.

आम्हाला मत नको आहे. इमारत विकायची, पाडायची, रंगवायची, हे मालकांनी ठरवावे. पण घर भाड्याने दिले म्हणून मालकाकडून संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, तरी काही ठिकाणी घेतात), ते अखेर आमच्याच भाड्यात येते. त्या पैशांतून होणाऱ्या कामाबद्दल मात्र आम्हाला नोटीस फलकावर वाचून कळते. मालकांमार्फत कळवा, असे सांगणे सोपे आहे. माझ्या एका मालकांना मी गच्चीच्या गळतीबद्दल तीन निरोप पाठवले, त्यांनी तिन्हींना अंगठा वर केलेले चित्र उत्तर म्हणून पाठवले, आणि पावसाळा संपला.

खजिनदारसाहेबांची भीती मला पटते. दरपत्रके उघडताना मला बोलावू नका, थकबाकी वाचताना तर नकोच. पण ज्या विषयात माझ्या घरात पाणी येणार की नाही हे ठरते, त्या विषयाला दहा मिनिटे बोलवा आणि मी जे सांगेन त्याचे एक वाक्य वहीत लिहा. पुढच्या वेळी पाणी आले तर "कोणी सांगितलेच नव्हते" असे म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी ते वाक्य हवे आहे.

---

ऊस-हळद-द्राक्ष

ताईंच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. मी तासगाव भागातील शेतकरी, तीन सहकारी संस्थांचा सभासद. बोलण्याचा हक्क असलेल्यांची काय अवस्था असते तेही येथे नोंदवतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचे पान उलटायच्या आत मागच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" सुरू होते, माइक ज्याच्या हातात असतो तो "पुढचा विषय" म्हणतो, आणि प्रश्न लिहून आणलेला सभासद कागद घडी करून खिशात ठेवतो. एका संस्थेत बारा विषय जेवढ्या वेळात संपले तेवढ्यात माझा चहा निवला नव्हता.

तज्ज्ञ संचालक म्हणून बाहेरून माणसे घेण्याची तरतूद २०१३ पासून कायद्यात आहे. त्यांना पदाधिकारी होता येत नाही आणि संस्थेच्या निवडणुकीत त्या नात्याने मतही नाही. बाहेरच्याला बसवायचे आणि बोलू द्यायचे, पण सत्ता द्यायची नाही, हा विचार कायद्याला नवा नाही हे दाखवण्यापुरते लिहिले. त्या जागांवर कोणाला घेतात, हा निराळा धागा होईल.

---

आयर्विनचा कट्टा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल समितीची बैठक झाली, तिचा वृत्तान्त देतो.

येथील प्रतिसाद वाचून मी एक मसुदा केला होता : ज्या विषयाचा परिणाम इमारतीत राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेवर किंवा पाणी-विजेवर होणार आहे, त्या विषयापुरते समितीने रहिवाशांना, ते सभासद असोत वा नसोत, निमंत्रित करावे; निमंत्रिताने दहा मिनिटांत आपले म्हणणे मांडावे व चर्चा सुरू होण्यापूर्वी उठावे; थकबाकी, दरपत्रके आणि आपसांतील तक्रारी या विषयांना कोणालाही निमंत्रित करू नये. शेवटचे कलम खजिनदारसाहेबांच्या पाहुण्यांमुळे आले.

अण्णांनी विरोध केला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ते म्हणाले, "आज पाण्यासाठी बोलवाल, उद्या कुत्र्यांसाठी, परवा गणपतीच्या वर्गणीसाठी. सुरक्षितता कशाला म्हणायचे हे कोण ठरवणार?" त्यावर अर्धा तास गेला. शेवटी निमंत्रण देण्याचा निर्णय आधीच्या बैठकीत व्हावा, दारात आलेल्याला त्याच वेळी आत घेऊ नये, अशी दुरुस्ती करून ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. अण्णांचा विरोध त्यांच्या सांगण्यावरून नावासह नोंदवला आहे.

या दुरुस्तीमुळे दिवाणजींना काल बोलावता आले नाही. ते पुढील महिन्यात येतील. मात्र मोटरीच्या चौथऱ्याचे काम तोपर्यंत थांबवावे यावर कोणाचेच दुमत नव्हते, कारण बैठकीपूर्वी मी सर्वांना, अण्णांसह, बॅटरी घेऊन मागच्या भिंतीशी नेले होते. ठरलेल्या चौथऱ्याच्या माथ्यापेक्षा ती रेघ सव्वा हाताने वर आहे. अण्णा बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे होते, मग त्यांनी विचारले की ही १९ सालची की २१ सालची. कोणालाच सांगता आले नाही.

आता एकच अडचण उरली आहे, यवतेश्वरकरांनी मार्गदर्शन करावे. हे भिंतीशी जाणे बैठकीच्या आधी झाले, तर ते इतिवृत्तात घ्यावे काय? मी मसुद्यात "समितीने प्रत्यक्ष पाहणी केली" असे लिहिले आहे, आणि अण्णांचे म्हणणे आहे की कोरम मोजून बैठक सुरू होण्यापूर्वी जे घडले ते समितीने केले असे म्हणता येत नाही.